उपडी घातलेली फरशी

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी रविवारी चहा पिताना मोठ्यानं वाचायचे आणि मी नि माझा नवरा निखिल खो-खो हसायचो. हे आधीच कबूल करते. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. माझ्या कामात ‘आपोआप झालं’ असं कुणी म्हणालं की आम्ही त्याला परत पाठवतो... नीट शोध, कारण सापडेल. घरातल्या बाबतीतही माझं तेच. त्यामुळे आज इथे लिहायला बसलेय हे माझं मलाच विचित्र वाटतंय.

आम्ही जर्मनीत, ब्योब्लिंगेनला राहतो. मी, निखिल आणि आमची मुलगी ईरा. ईराला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये येतं. मागच्या वर्षी एप्रिलमध्ये माझे सासरे तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले. सासूबाई जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. बाबा पुण्याला माझ्या नणंदेकडे असायचे. त्याआधीची सगळी नोकरी त्यांनी कोकणात, कौलांच्या एका कारखान्यात सुपरवायझर म्हणून केली. माती, भट्टी, वाळवण... दुसरं बोलणं नाही. आमच्या गल्लीतून फिरायला निघाले तरी नजर वर, लोकांच्या छपरांवर.

मे महिन्यातला शनिवार. निखिल कामासाठी वोल्फ्सबुर्गला गेला होता. बाबांना कुठेतरी न्यायला हवं म्हणून मी एक फ्यूरुंग बुक केली, म्हणजे गाईडबरोबरची टूर. आमच्यापासून गाडीनं सव्वा तासावर एक खेडं आहे. नाव मुद्दाम देत नाही. फायर ब्रिगेडच्या शेडशेजारी पार्किंग, तिथून सफरचंदांच्या झाडांमधून पायवाट, आणि वर टेकाडावर एका रोमन जमीनदाराच्या घराचे अवशेष. गुडघाभर उंचीच्या भिंती. एका बाजूला पत्र्याच्या छपराखाली त्याचं स्नानगृह... खाली विटांचे बुटके खांब, वर भाजलेल्या मातीच्या मोठाल्या फरश्या, आणि मधल्या पोकळीतून गरम हवा सोडायची सोय. पलीकडे एक छोटं चॅपल आहे. ते हजारेक वर्षांनी याच पडक्या घराचे दगड काढून बांधलेलं.

आमची गाईड फ्राऊ केलर. सत्तरीच्या, पायात ट्रेकिंगचे बूट. त्यांनी प्रत्येकाला गळ्यात अडकवायचा एक छोटा रिसीव्हर आणि एका कानाचा इअरफोन दिला. त्या हळू आवाजात बोलणार आणि आपल्याला कानात ऐकू येणार. भाषा एकच, जर्मन. बाबांना त्यातलं ओ की ठो कळणार नव्हतं. तरी त्यांनी तो शहाण्या मुलासारखा कानात घातला. मी म्हटलं, “बाबा, मी सांगत जाईन तुम्हाला.”

पहिली दहा मिनिटं सांगितलंही. मग बाबांनी विचारलं, “म्हणजे हे लोक इथले नव्हेत? बाहेरून येऊन बसले?”

“हो. रोमन लोक. इथे आधी दुसरेच राहायचे.”

“मग हे बांधलं कुणी? ह्या फरश्या पाडल्या कुणी? मालकानं तर नसतील पाडल्या.” ते वाकून फरशीच्या कडेवरून अंगठा फिरवत होते. “विचार ना तिला. माती मळणारी माणसं कोण होती म्हणावं.”

मी विचारणार तेवढ्यात फोन वाजला. सोमवारी आमचं रिलीज होतं आणि एक बग सापडला होता. “विचारते हं, एक मिनिट,” म्हणून मी भिंतीच्या टोकाला गेले. ते एक मिनिट वीस मिनिटांचं झालं.

बोलता बोलता मी पाहिलं, ग्रुप चॅपलकडे निघाला होता. ईरा दुसऱ्या एका मुलीबरोबर सगळ्यांच्या पुढे पळत होती. स्नानगृहाजवळ बाबा एकटेच उभे होते. मान खाली, एक हात कानावर घट्ट दाबलेला. कारखान्यात भट्टीचा आवाज चालू असताना कुणी काही सांगत असलं तर माणूस जसा ऐकेल, तसे. मधूनच मान हलवत होते. मध्येच “अरेरे” म्हणाले, तेही मला ऐकू आलं.

मी फोन कानाला लावूनच त्यांच्याजवळ गेले. त्यांचा चेहरा उजळलेला होता.

“अगं, सांगितलं की तिनं! सगळं सांगितलं!” आणि त्यांनी कानातला इअरफोन काढून माझ्यापुढे धरला. “घे, ऐक. अजून बोलतेय.”

मी हातानंच ‘नको, नको’ केलं आणि चॅपलकडे बोट दाखवलं... चला. फोनवर माझा टीमलीड होता.

मी तो इअरफोन घेतला नाही. बस. एवढंच करायचं होतं मला.

परतीच्या वाटेवर गाडीत बाबा बोलत होते. ईरा मागच्या सीटवर होती. ते म्हणाले, ती बाई मराठीतच बोलत होती. गाईडचा आवाज नव्हे, दुसराच. “आपल्या वाळवणावरच्या बायका बोलायच्या ना, तशी. भरभर.” तिनं सांगितलं म्हणे की फरश्या पाडणारी माणसं आसपासचीच होती, आणि मालकाच्या माणसाचा त्यांना भारी धाक होता. एकदा फरश्या वाळत घातल्या असताना तिची लहान मुलगी कुत्र्यामागे धावत ओल्या मातीवरून गेली. एका फरशीवर तिचा उजवा पाय उमटला, शेजारी कुत्र्याचा पंजा. बाईच्या नवऱ्यानं बोटांनी टाच पुसायला घेतली... आणि अर्ध्यात थांबला. पुसवेना त्याला. ती फरशी त्यानं तशीच भाजली, आणि न्हाणीघरात बसवताना उपडी घातली. पाऊल खाली, म्हणजे कुणाला दिसायला नको.

“ती मुलगी पुढे जगली नाही,” बाबा म्हणाले. “पण फरशी आहे तिथेच, म्हणाली. पोकळीत खालून हात घातला तर लागेल. अजून बरंच बोलली ती. घरी गेल्यावर सांगतो.”

मी आरशातून ईराकडे पाहिलं. ती डोळे मोठे करून ऐकत होती. मी घाबरले... भुताच्या भीतीनं नाही. माझ्या एका मैत्रिणीच्या वडिलांना डिमेन्शिया झाला तेव्हा सुरुवात अशीच झाली होती. नसलेले आवाज.

“अहो बाबा, त्या मशीनमध्ये फक्त जर्मन येतं. मराठी कुठून येणार?”

ते म्हणाले, “असेल बाई. मला ऐकू आलं ते सांगितलं.”

घरी पोचल्यावर मी निखिलला फोन केला. बाबांच्या देखत नाही, पण घर लहान आहे. त्यांना ऐकू गेलं असणार. मंगळवारी त्यांना हाउसआर्ट्झकडे, म्हणजे आमच्या फॅमिली डॉक्टरकडे नेलं. वार, महिना, घड्याळाचं चित्र, उलटे आकडे... बाबांनी सगळं बरोबर केलं. डॉक्टर म्हणाल्या, काही दिसत नाही, काळजी करू नका. मला ते पुरलं नाही. आम्ही दोघं दिवसभर ऑफिसात, ईरा दुपारी घरी येणार, बाबांना भाषा येत नाही. काही झालं तर? निखिल म्हणत होता, थांबूया थोडं. मी म्हटलं, रिस्क नको. तिकीट अलीकडचं करून घेतलं. तीन महिन्यांसाठी आलेला माणूस दीड महिन्यात परत गेला.

टूरनंतर अकरा दिवस ते आमच्याकडे होते. त्या बाईबद्दल ते पुन्हा बोलले नाहीत, आणि मीही विचारलं नाही. उलट मला हायसं वाटत होतं. जायच्या दिवशी मी त्यांना वाकून नमस्कार केला तेव्हा त्यांनी नेहमीसारखा डोक्यावर हात ठेवला. “सुखी राहा. जास्त काम करू नकोस.” व्हिडिओ कॉलवर नेहमी ‘सगळं उत्तम’ म्हणायचे. फेब्रुवारीत, सकाळी पेपर वाचताना खुर्चीतच गेले. हार्ट अटॅक. स्मरणशक्ती शेवटपर्यंत खणखणीत होती, नणंद म्हणाली. पेपरवाल्याचा महिन्याचा हिशोबही तोंडपाठ.

आता यंदाच्या मे महिन्याचं सांगते.

ईराच्या वर्गाची सहल निघाली, तीही तिथेच. सोबत दोन पालक हवे होते. ईरानं माझं नाव देऊन टाकलं होतं. पुन्हा फ्राऊ केलर, पुन्हा तेच बूट. मुलांना रिसीव्हर देत नाहीत, त्यामुळे त्या मोठ्यानं बोलत होत्या. स्नानगृहाशी पोचलो तर एका कोपऱ्यातली जमीन उघडी, आणि शेजारी काचेची नवी पेटी.

त्या मुलांना सांगू लागल्या... गारठ्यानं हा कोपरा खचत होता, म्हणून मागच्या ऑक्टोबरमध्ये इथल्या फरश्या पहिल्यांदाच उचलल्या. आणि एक उलटी केली, तर बघा काय निघालं!

पेटीत हातभर लांबीरुंदीची लाल फरशी होती. तिच्यावर लहान मुलाचं पाऊल. उजवं. पाची बोटं स्पष्ट. बाजूला कुत्र्याचा पंजा. आणि टाचेवर मोठ्या माणसाच्या तीन बोटांचा ओढलेला फराटा, अर्ध्यात थांबलेला.

ईरानं माझा हात धरला. “ममा,” ती हळूच म्हणाली, “दास हाट आजोबा गेझाग्ट.” आजोबांनी सांगितलं होतं हे.

मी मुलं सँडविच खायला बसेपर्यंत कशीबशी थांबले आणि मग फ्राऊ केलरना गाठलं. हे आधी कुणाला माहीत होतं का? “नाइन, नाही. कसं असणार? खाली तोंड करून होती.” खालून हात घातला तर लागलं असतं? त्यांनी जरा विचार केला. “बारीक हात असता तर, कदाचित. पण पोकळीत मातीचा भराव होता. तो काढायलाच आठवडा गेला.” मागच्या वर्षी तुम्ही टूरमध्ये अशी काही गोष्ट सांगायचात का, पाऊल, कुत्रा? “मला माहीतच नव्हतं, तर सांगणार काय?” मग मी विचारलं, त्या रिसीव्हरमध्ये दुसरं चॅनेल येतं का? त्या हसल्या. “माझाच आवाज धड येत नाही. आणि इथून चॅपलपर्यंत चालताना मी माइक बंदच ठेवते.”

बाबा ऐकत होते ते तेव्हाच. ग्रुप चॅपलकडे चालला होता तेव्हा.

मी बसमध्ये महिने मोजत होते. ऑक्टोबरमध्ये फरशी निघाली. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. चार महिने बाबा होते. इथल्या गावच्या पेपरात फोटोसुद्धा आला होता, फ्राऊ केलर म्हणाल्या. मला एक फोन करता आला असता, ‘बाबा, सापडली ती.’ पण मी त्या जागेचं नावही डोक्यातून काढून टाकलं होतं.

कारणं मी शोधली. ते माझं कामच आहे. एक कारण असं की बाबांनी कारखान्यात अशी कौलं खूप पाहिली असतील. ओल्या मातीवर कुत्री-मांजरं, पोरं फिरतातच. मनानं रचलं, योगायोगानं जुळलं. गेनाऊ, अगदी बरोबर, मलाही हेच पटवून घ्यायचं होतं. पण उजवा पाय? अर्ध्यात थांबलेली बोटं? उपडी घातलेली? जूनमध्ये मी एकटी जाऊन ती टूर पुन्हा घेतली. इअरफोन कानात घट्ट दाबून स्नानगृहाशी उभी राहिले, ग्रुप पुढे जाऊ दिला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. नुसती खरखर. मग तीही थांबली. फ्राऊ केलर परत येऊन विचारून गेल्या, बरं वाटत नाही का तुम्हाला?

त्या संध्याकाळी मी निखिलला सगळं नीट सांगितलं. फरशीचं त्याला माहीत होतं, पण बाबांनी इअरफोन माझ्यापुढे धरला होता आणि मी घेतला नाही, हे मी त्याला कधी बोलले नव्हते. त्यानं हातातला चहाचा कप खाली ठेवला.

“तुला एक सांगायचं राहिलं,” तो म्हणाला. “एअरपोर्टवर सोडताना बाबा मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘अश्विनी फार घाबरली रे. तिला सांग, मला काही ऐकू आलं नव्हतं. गंमत केली म्हणावं म्हाताऱ्यानं.’”

“मग?”

“मी विचारलं, खरंच गंमत केलीत का?”

“काय म्हणाले?”

“म्हणाले, ‘नाही. पण तिला तसंच सांग.’”

निखिलनं तो निरोप मला कधी दिलाच नव्हता. त्याला खोटं बोलायचं नव्हतं, आणि विषय संपला असंही वाटलं होतं.

ती बाई कोण, ती बाबांशीच का बोलली, बोलली की नाही... तुमच्यापैकी कुणाकडे उत्तर असलं तर लिहा, मी वाचेन. हसणार नाही.