पेन्सिलीएवढी जमीन

पाट्या रंगवणारा माणूस दुसऱ्यांची नावं लिहून म्हातारा होतो, त्याचं स्वतःचं नाव कुणी विचारत नाही. आमच्या ठळकमामांचं तसंच झालं. जो येई तो एकच सांगे, "जरा ठळक काढा." तेच त्यांना चिकटलं.

दोन बाकड्यांच्या चहाच्या दुकानावर त्यांनी 'भव्य उपाहारगृह' लिहिलं. ज्या शिंप्याकडे एकच मशीन होतं, आणि तेही बायकोचं, त्याच्या दारावर हातभर उंच अक्षरं उभी केली, मागे सावली देऊन, जणू भिंतीतून चालत बाहेर येताहेत. सरळ रेघ ओढताना मामा श्वास धरत, रेघ संपली की सोडत. बघणाराही तेवढा वेळ श्वास धरून उभा राही. मग छापील फ्लेक्स आले. सकाळी सांगा, संध्याकाळी दारात, वर मालकाचा हसरा फोटो. मामांचे ब्रश रॉकेलच्या डब्यात नुसते उभे राहू लागले.

अशात शाळेची भिंत आली. शाळा समितीचे अध्यक्ष म्हणजे फरशीच्या दुकानाचे मालक. रंग त्यांनी दिला. चित्र ठरलं पृथ्वीच्या अंतरंगाचं.

मामांनी भिंतीत खिळा ठोकला, दोरी बांधली, दोरीच्या टोकाला खडू, आणि माणसाहून उंच वर्तुळ एका दमात फिरवलं. भूगोलाच्या बाई शेजारी उभ्या राहून सांगत होत्या, "मामा, मधोमध अंतर्गाभा. तो घन आहे. इतका तापलेला, की वितळायलाच हवा, पण चहूबाजूंचा दाब त्याला वितळू देत नाही."

"चारी बाजूंनी दाबलं की माणूसही घट्ट होतो," मामा म्हणाले.

"त्याच्याभोवती बाह्यगाभा, तो मात्र द्रव. मग प्रावरण, सगळ्यांत जाड थर. आणि सगळ्यांत वर भूकवच."

"ते केवढं काढू?"

बाईंनी खाली वाकून फरशीवर खडूने हिशेब केला. "तुमच्या या वर्तुळात जमिनीखाली पेन्सिलीएवढं जाड. समुद्राखाली तर दोऱ्याएवढंच."

"आणि डोंगर?"

"सर्वांत उंच डोंगर काढायचा तर तीळ चिकटवा."

मामा स्टुलावर बसले. "म्हणजे आपली घरं, विहिरी, खाणी, सगळं या पेन्सिलीत?"

"पेन्सिलीतसुद्धा नाही. तिच्या वरच्या रंगात."

 मामांनी गाभ्याचा पिवळा कालवायला घेतला.

प्रावरणाचा तांबडा वाळायच्या आत अध्यक्ष आले. भिंतीपुढे उभे राहिले, मागे सरकले, पुन्हा पुढे झाले.

"कवच कुठंय?"

"काढतोय की," मामांनी कडेला बोट दाखवलं.

"ही रेघ?"

"रेघ नाही साहेब. जमीन आहे."

"अहो, पुस्तकात चांगलं बोटभर आहे."

बाई म्हणाल्या, "पान लहान असतं साहेब, म्हणून जाड करावं लागतं. खाली लिहितात तसं, की चित्र प्रमाणात नाही."

"मग आपणही लिहू."

"ते वाचतं कोण?" मामा म्हणाले. "मी जन्मभर पाट्यांच्या तळाशी 'अटी लागू' लिहीत आलोय."

बाई पदराआड हसल्या. अध्यक्षांना हसू आलं नाही. "हे बघा ठळकमामा, वीतभर कवच काढा. त्यावर शाळा, पाण्याची टाकी, झाडं आणि आमचं दुकान. आपण कुठं राहतो ते पोरांना कळायला नको?"

"वीतभर काढलं तर ते कवच नाही, गादी होईल."

"सोमवारी पाहुणे यायचेत. तोवर झालं नाही तर वरून छापील पृथ्वीचा फ्लेक्स लावतो. तुमचं सगळंच झाकून जाईल. मग माझ्या नव्या दुकानाच्या पाटीचंही विसरा."

घरी मामी उशीच्या अभ्र्याला टाके घालत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"अहो, जन्मभर लोकांची नावं फुगवलीत. त्या शिंप्याला राजा केलात. आता पृथ्वीपाशी येऊन सोवळे झालात?"

"अगं, शिंपी केवढा आहे ते समोर दिसतं. पाटी वाचून माणूस आत डोकावतो, एक मशीन बघतो, हसतो आणि कापड देतो. फसत कुणी नाही. पृथ्वीच्या आत कोण डोकावणार? पोरं ही भिंत बघतील, तेवढीच खरी मानतील. पायाखाली वीतभर भक्कम आहे म्हणून जन्मभर उड्या मारतील."

"आणि अध्यक्षांनी झाकलं तर?"

"झाकू देत. खाली खरं राहील."

मामींनी दोरा दातांनी तोडला. "मग तो समुद्राचा दोरा तरी एकसारखा काढा. हात हल्ली कापतो तुमचा."

सोमवारी सकाळी मामा भिंतीपाशी हजर. जमिनीखाली पेन्सिलीएवढा तपकिरी पट्टा झाला होता. समुद्राचा दोरा तेवढा राहिला होता. श्वास धरायचा, तळहाताएवढं ओढायचं, सोडायचा. तेवढ्यात अध्यक्ष आले, मागोमाग फ्लेक्सवाला, खांद्यावर गुंडाळी घेऊन. हा एके काळी मामांच्याच हाताखाली अक्षरं शिकलेला. मामा स्टुलावरून उठले नाहीत.

"बाजूला व्हा, मामा," अध्यक्ष म्हणाले.

"दोरा पुरा झाल्याशिवाय होत नाही. घाई असेल तर माझ्यावरूनच लावा. पाहुण्यांना सांगा, कवचाच्या आत एक म्हातारा आहे."

फ्लेक्सवाल्याने पुढे होऊन भिंतीला बोट लावलं. बोटाला तपकिरी लागला. "साहेब, रंग ओला आहे. फ्लेक्स चिकटून बसेल, दुकानाचा फोटो खराब होईल."

"मग?"

"समोरच्या भिंतीला लावतो," असं म्हणून तो मामांकडे न बघता समोर गेला.

तेव्हापासून शाळेच्या अंगणात दोन पृथ्व्या आहेत. एकीचं कवच वीतभर, वर टाकी, झाडं आणि फरशीचं दुकान, पाटीसकट. दुसरीचं कवच बघायला नाक भिंतीला लावावं लागतं. त्या जागी मुलांच्या नाकांनी एक तेलकट पट्टा उठला आहे. बाई तिथेच धडा घेतात, पट्टी आणि पेन्सिल हातात घेऊन.

नव्या दुकानाची पाटी अर्थातच छापून आली. त्यानंतर मामांना काम तसं मिळालंच नाही. परवा मी म्हटलं, "मामा, तपकिरी रंग उरलाच असेल. थोडं जाड करून टाका, अध्यक्षांचा राग जाईल."

"उरलाय ना, अर्धा डबा," मामा म्हणाले. "पण जमीन तेवढीच आहे. मी कुठून आणू?"