केळीच्या सालीची पिशवी

आमची गाय मेली तेव्हा जनावरांच्या डॉक्टरांनी तिचं पोट फाडून दाखवलं. आत कॅरीबॅगांचा आणि गुटख्याच्या पुड्यांचा एकमेकांत पिळलेला गोळा होता, घागरीएवढा. माझे सासरे, त्यांना मी मामा म्हणते, तिथंच मातीत बसले.

"तू केमिस्ट्री शिकलीस नं?" ते मला म्हणाले. "गुरानं खाल्ली तरी मरू नये, असी पिशवी होत न्हाई का?"

"होते की मामा," मी म्हणाले. नांदेडला ज्युनिअर कॉलेजात मी हाच विषय शिकवते, आणि पुस्तकात तरी ती होत होती.

गाव लोह्याजवळचं. मामा ते सोडून आमच्याकडे नांदेडला राहायला आले. सकाळीच सायकल काढून ज्यूसच्या गाड्यांवर जायचे आणि केळीच्या सालींचं पोतं भरून आणायचे. आम्ही साली उकडायचो, वाटायचो, त्यात व्हिनेगर आणि ग्लिसरीन घालून ताटांत पातळ पसरायचो आणि गच्चीवर वाळवायचो. घरभर आंबूस वास असायचा. पहिला तपकिरी पापुद्रा सुटला तेव्हा मामांनी त्याचा तुकडा मोडून तोंडात टाकला.

"तुरट हाय. पण जाते," म्हणाले आणि लई दिवसांनी हसले.

मी इस्त्रीनं कडा चिकटवून पिशव्या केल्या. मामांची बहीण, आमच्या आत्याबाई, लातूरला भाजी विकतात. आम्ही त्या पिशव्या त्यांच्याकडे घेऊन गेलो. त्यांनी पाणी मारलेली मेथी पिशवीत घातली. गिऱ्हाईक चार पावलं गेलं असेल, तेवढ्यात बूड गळालं आणि मेथी नालीत पडली.

"दादा," आत्याबाई हळूच म्हणाल्या, "घरी पोचेस्तवर तरी टिकाया पायजे का न्हाई?"

मग दोन वर्षं आम्ही तेच करत राहिलो. ग्लिसरीन कमी केलं की पिशवी पापडासारखी तडकायची. जास्त घातलं की पावसाळ्यात चिकट व्हायची, गठ्ठ्याला बुरशी धरायची. शेवटी मी माझ्या जुन्या सरांना दाखवलं. मामाही सोबत आले होते.

"पाण्यात टिकवायची तर यात दुसरं प्लास्टिक मिसळावं लागेल," सर म्हणाले.

"मग ती गाईच्या पोटात विरघळंल?" मामांनी विचारलं.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. उत्तर मलाच द्यावं लागलं.

"न्हाई, मामा."

दुसऱ्या दिवशी सायकल जागची हलली नाही. त्यांनी राग केला असता तर बरं झालं असतं. नंतर एकदा आम्ही लातूरला गेलो तेव्हा आत्याबाईंनी सवयीनं काळ्या कॅरीबॅगमध्ये कोथिंबीर घालून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती घेतली. एसटीत नांदेड येईपर्यंत ती मांडीवर धरून बसले.

आता ते गावी असतात. दुसरी गाय घेतली आहे, पण तिला चरायला सोडत नाहीत. ती दिवसभर दावणीला हिसके देते. बांधावरून कापून आणलेल्या गवतातही प्लास्टिकच्या चिंध्या निघतात. मागच्या रविवारी मी गेले तर मामा गोठ्यात बसून पेंढी सोडून काडी न् काडी चाचपत होते.

"आता डोळ्याला धड दिसत न्हाई," ते म्हणाले.

मी शेजारी बसून निवडू लागले. बारीक तुकडे मलाही दिसत नव्हते. गाय हंबरत होती, म्हणून जेवढं निवडून झालं होतं तेवढं त्यांनी तिच्यापुढं टाकलं.