ताबा दिल्यानंतर

पडद्यावर ‘कर्नल सुरू करत आहे’ एवढी ओळ उमटली आणि सगळं गप्प झालं. ही मी लिहिलेल्या फर्मवेअरची शेवटची ओळ. टेबलावरच्या सर्किट बोर्डाला वीज मिळाली की आधी ते जागं होतं, मेमरी तपासतं, ती किती नि कुठे आहे ते ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, सांगतं आणि ताबा देऊन संपतं. मग त्याला परत बोलावता येत नाही.

काल बोर्ड इथेच मुका झाला होता.

“मॅडम, आज नाही बोलला तर काम दुसऱ्याकडे जाणार,” मागे उभे असलेले आमचे मॅनेजर जाधव सर म्हणाले. “काहीतरी करा ना!”

“आता माझ्या हातात काही नाही, सर.”

माझे अप्पा बसड्रायव्हर. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, पण हे काम शिकले त्यांच्याकडूनच. घाटाच्या पायथ्याशी ड्रायव्हर बदलायचा. अप्पा त्याला सांगायचे, “दुसरा गिअर अडतो, ब्रेक जरा आधी दाब,” आणि उतरायचे.

मी एकदा विचारलं, “सांगायचं काही राहिलं तर?”

“मग ते त्याला घाटात कळंल. आन् मला घरी घास गिळणार न्हाई.”

काल माझं राहिलं होतं. पडद्याशी कोणत्या तारेवरून बोलायचं, ते मी कर्नलला सांगितलंच नव्हतं. आज सांगितलंय. आणखी काय राहिलंय?

कर्नलची पहिली ओळ आली. मेमरीचा आकडा. मी सांगितलेलाच.

सर हसले. मी मात्र हात मांडीवरच ठेवून बसले. घाट अजून चढायचा होता, आणि गाडी आता कर्नलची होती.