कापसाच्या रानात झिजलेला एक्सल

मला गाडी शिकवायची ती लोकांच्या नजरेआड, असं पप्पांनी ठरवलं होतं. वाटूरच्या रस्त्यावर पावलोपावली ओळखीचं माणूस भेटतं, आणि पप्पा शाळेत शिक्षक असल्यामुळे त्यांच्या ओळखी जास्तच. म्हणून वेचणी संपल्यावर गाडी आमच्या कापसाच्या रानात उतरली. झाडांच्या वाळक्या पऱ्हाट्या कापून नेल्या होत्या, खुंट मात्र जमिनीत तसेच होते. पप्पा बांधावर उभे राहायचे आणि मी गोल फिरायचे. कायम उजवीकडे, स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवून, कारण त्या बाजूचा बांध मला खिडकीतून दिसायचा. गाडी चांगली जमायला लागली तरी रस्ता काही मिळेना. "अजून हात बसू दे," पप्पा म्हणायचे.

मला परतूरच्या एका कॉलेजात लॅबचं काम मिळालं होतं. रोज जीपमध्ये अनोळखी खांद्यांच्या मध्ये अंग चोरून बसायचे. मी मुळात कमी बोलते. इंग्रजी शाळेत शिकले म्हणून गावाला वाटतं, पोरगी शिष्ट आहे. वाटू दे. मला फक्त काच वर करून एकटीनं परतूरला जायचं होतं.

मग गाडी वाजायला लागली. सरळ जाताना गप्प, वळवली की पुढच्या डाव्या चाकातून कटकट.

"तुझ्या हातात दिली अन् गाडी गेली," पप्पा म्हणाले. "गिअरबॉक्स असंल. विकून टाकू. जीप काय वाईट हाय?"

मी दुसऱ्या दिवशी सकाळी चटई टाकून पुढच्या चाकामागे डोकं घातलं. इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणारा दांडा म्हणजे एक्सल. चाक वळलेलं असतानाही तो फिरत राहावा म्हणून त्याच्या टोकाला आत गोळ्या असलेला जॉइंट असतो, आणि जॉइंटमधलं ग्रीस बाहेर जाऊ नये म्हणून त्यावर घड्यांचा रबरी बूट. आमचा बूट फाटला होता. ग्रीस उडून रिमच्या आतल्या बाजूला वाळलं होतं. फटीत पऱ्हाटीची काडी अडकलेली होती. ती मी काढली नाही. दाखवायची होती.

फाट्यावरच्या मिस्त्रींनी गाडी उचलली, चाक धरून हलवलं, वाकून पाहिलं. मी शेजारीच उभी होते, पण ते बोलत होते पप्पांशी.

"सर, गिअरबॉक्स बिलकुल ठीक हाय. एक्सल गेला. बूट फाटला, माती घुसली, गोळ्या खाऊन टाकल्या. पर एवढी गोल गोल फिरवली कुठं? घाण्याला जुंपल्ती का?"

"पोरगी शिकून राह्यलीय," पप्पा हसत म्हणाले.

"मंग बराबर."

दोघंही हसले. असं काही ऐकलं की गिळून टाकायची मला सवय आहे. त्या दिवशी गिळलं नाही.

"चाचा, मला गोलच फिरवायला सांगितलं होतं. खुंटांमधून. ही काडी बघा. रस्त्यावर जाऊ दिलं असतं तर बूट फाटला नसता." मग मी पप्पांकडे वळले. "नवा एक्सल टाकू. गाडी विकायची नाही. आणि मी आता रानात चालवणार नाही."

मिस्त्री पाना शोधायला आत गेले.

"विकायची न्हाई हे कोण ठरवणार?" पप्पांनी हळू आवाजात विचारलं.

"मी. रोज परतूरला मी जाते."

ते मोबाइल बघायला लागले.

दुसऱ्या दिवशी जालन्याहून एक्सल आला. मला घरी थांबायला सांगितलं होतं, तरी मी गॅरेजवर गेले. बसायला स्टूल दिलं, बसले नाही. मिस्त्रींनी चाक जमिनीवर असतानाच मधला मोठा नट सैल केला. मग गाडी उचलून चाक काढलं, खालचा बॉल जॉइंट सोडवला, बाहेरचं टोक मोकळं केलं. आतलं टोक पहारीनं उचकटताच गिअर ऑइल ट्रेमध्ये सांडलं. जुना एक्सल खाली ठेवला तेव्हा मी त्याचा जॉइंट हातानं फिरवून पाहिला. दाताखाली खडा यावा तसा आवाज आला. मला त्याची लाज वाटली नाही.

नवा एक्सल खट्कन आत बसला. मिस्त्रींनी तो ओढून खात्री केली, सगळं परत जोडलं, ऑइल भरलं, नट आवळला.

"सर, आता फुल वळवून बघा," म्हणत त्यांनी किल्ली पप्पांपुढं धरली.

ती मी घेतली. मिस्त्रींनी पप्पांकडे पाहिलं. पप्पा डावीकडचं दार उघडून बसले.

गॅरेजसमोरच्या मोकळ्या जागेत मी गाडी दोन्ही बाजूंना वळवून पाहिली. आवाज नाही.

"झालं. चल घरी," पप्पा म्हणाले.

मी परतूरच्या बाजूचा इंडिकेटर दिला.

"अगं, फाट्यावर सगळे बसलेत. थांब जरा, मी घेतो."

"बसू देत."

चहाच्या हॉटेलसमोर त्यांच्याच शाळेतले एक सर होते. त्यांनी मान वळवून पाहिलं आणि हात वर केला. पप्पांनी आधी समोर बघितल्यासारखं केलं, मग अर्धवट हात उचलला. मी गाडी हळू केली नाही. पुढं परतूरचा रस्ता मोकळा होता.