बेपत्ता खलाशाच्या नावावरच्या नोटा

नोकरीतली बरीचशी प्रकरणं आता आठवणीत एकमेकांत मिसळून गेली आहेत. हे एक मात्र अजून वेगळं उभं राहतं, आणि ते आठवलं की आधी बहारीनचा तो उथळ, बिनलाटांचा समुद्र डोळ्यांपुढे येतो.

मी तेव्हा कोकणातल्या एका किनाऱ्यावरच्या ठाण्याचा प्रभारी होतो. निवृत्ती जवळ आली होती. एका सकाळी ठाणे अंमलदाराने एक अर्ज पुढे ठेवला. अर्जदाराचा धाकटा भाऊ मालवाहू जहाजावर खलाशी होता. युरोपातल्या एका बंदराकडे जाताना तो जहाजावरून नाहीसा झाला. समुद्रात पडला असावा, असं कंपनीने कळवलं. पण पडताना कोणी पाहिलं नव्हतं, प्रेतही मिळालं नव्हतं, आणि त्या वेळी त्याची पाळीसुद्धा नव्हती. आमच्या दप्तरी तो बेपत्ता होता. गावात लोक म्हणत, बंदरात उतरून पळाला असेल, तिकडे दुसरं घर केलं असेल. आता थोरल्या भावाचंही म्हणणं तेच होतं. तो जिवंत आहे, बहारीनमध्ये आहे, तेव्हा त्याला मृत ठरवण्यासाठी बायकोने चालवलेली खटपट थांबवावी.

"कशावरून जिवंत?" मी विचारलं.

त्याने मोबाइल पुढे केला. खलाशाला एक छंद होता. हाती आलेल्या युरोच्या नोटेचा नंबर आणि ती कुठल्या गावात मिळाली ते तो एका वेबसाइटवर लिहायचा. पुढे तीच नोट दुसऱ्या कोणाला मिळाली आणि त्यानेही लिहिली, की पहिल्याला मेल यायचा. प्रवासात हा नाद करणारे पुष्कळ लोक आहेत, हे मला त्या दिवशी कळलं. खलाशी नाहीसा झाल्यापासून त्याचं पान शांत होतं. आता त्यावर नव्या नोटा दिसत होत्या. ठिकाण, मनामा, बहारीन.

मी त्याच्या बायकोला बोलावून घेतलं. ती गावातल्या बालवाडीत शिकवायची. पान पाहून ती रडली नाही.

"फोनवर ते मला नोटांच्याच गोष्टी सांगायचे," ती म्हणाली. "आपली एक नोट बर्फाच्या गावी पोचली, एक डोंगरावरच्या बेकरीत सापडली. मी मुंबईपलीकडे गेले नाही, पण ती गावं मला पाहिल्यासारखी वाटतात."

"हे त्यांनीच लिहिलं असेल?"

"साहेब, जिवंत असतील तर मला सोडून गेलेत. नसतील तर अजून माझे आहेत. यातलं काय खरं निघावं म्हणू मी?"

माझा अनुभव असा, की पळून गेलेला माणूस नाव बदलतो, दाढी वाढवतो, जुन्या मित्रांना टाळतो. आपल्याच नावाने रोज उघड्यावर खूण ठेवत नाही. म्हणून मी विचारलं, हा नाद आणखी कोणाला होता? तिला एकच माणूस आठवला. त्याच जहाजावरचा, रायगडकडचा एक मुसलमान मित्र. एकदा सुट्टीत घरी येऊन राहिला होता. दोघं ओटीवर बसून नोटा कुठे कुठे पोचल्या ते तिच्या मुलीला नकाशावर दाखवत होते.

मी त्या हद्दीतल्या ठाण्याला कळवलं. हवालदार घरी गेला तेव्हा मित्राच्या आईने सांगितलं, मुलाने जहाज कायमचं सोडलं, आता बहारीनला, मनामाच्या हूरा भागात, एका हॉटेलच्या काउंटरवर असतो.

माझी मुलगी आणि जावई तेव्हा बहारीनमध्येच होते आणि माझी रजा आधीच मंजूर झाली होती. वरिष्ठांना लेखी कळवलं. ते म्हणाले, "तिथे तुम्ही पोलीस नाही, फक्त सासरे आहात. तेवढं लक्षात ठेवा."

हॉटेल सापडायला त्रास पडला नाही. काउंटरमागे कोट घातलेला एक सडसडीत माणूस उभा होता. मी मराठीत फक्त आमच्या गावाचं नाव घेतलं. त्याच्या हातातलं पेन थांबलं.

"माझी शिफ्ट सुटू दे, साहेब," तो म्हणाला. "मी कुठे जात नाही."

संध्याकाळी आम्ही समुद्राकाठी बसलो. पाणी इतकं स्थिर होतं की आकाश कुठे संपतं ते कळत नव्हतं. दूरची जहाजं धुरकट उजेडात तरंगल्यासारखी दिसत होती. चौकशीत पहिला प्रश्न सोपा ठेवावा, ही माझी जुनी सवय.

"इथे युरो कुठून मिळतात?"

"इथे सखीरच्या ट्रॅकवर मोटारींची मोठी शर्यत असली की युरोपातले लोक येतात. टीप देऊन जातात. बदलून घ्यायच्या आधी मी नंबर लिहितो."

"त्याच्या नावावर?"

त्याने मान डोलावली.

"जहाजावर आम्ही दोघं मिळून लिहायचो. पासवर्ड एकच, मेल माझ्या फोनवरही यायचे. तो गेल्यावर मी उघडलंच नव्हतं. मग एक दिवस मेल आला. त्याने लिहिलेली नोट इटलीत कुणाला तरी मिळाली होती. माणूस खलास, साहेब, आणि नोट फिरतेय. मला वाटलं, लिहीत राहिलो तर तोही फिरत राहील."

"तो गेला हे तुला नक्की माहीत आहे?"

"त्या पहाटेची पाळी माझी होती." तो म्हणाला. "मला ताप होता. समुद्र खवळलेला. तो म्हणाला, तू झोप, मी जातो. माझा रेनकोट चढवला आणि डेकवर गेला. मला जाग आली तेव्हा तो नव्हता, रेनकोटही नव्हता. कप्तानने विचारलं तर मी म्हणालो, पाळी मीच केली. न सांगता बदली केली म्हणून नोकरी जाईल, ही भीती. नंतर खरं सांगायला तोंड राहिलं नाही."

सगळा उलगडा त्यात होता. खलाशी मोकळ्या वेळात नाहीसा झाला नव्हता. तुफानात, दुसऱ्याच्या कामावर असताना गेला होता.

"हे लिहून देशील?"

"देईन. पण आधी वहिनींशी बोलू द्या."

मुलीच्या घरून व्हिडिओ कॉल लावला. त्याने काही न लपवता सगळं सांगितलं. ती बालवाडीच्या पायरीवर बसून ऐकत होती. मला वाटलं, आता शिव्याशाप देईल.

"जाताना ते चहा प्यायले होते का?" तिने विचारलं.

"हो, वहिनी. त्यानेच केला. अर्धा मला दिला."

"बरं झालं." ती म्हणाली. "आणि तुमचा ताप? उतरला का नंतर?"

त्याने फोन माझ्या हातात दिला आणि भिंतीकडे तोंड करून रडू लागला.

त्याचा जबाब दूतावासात शपथेवर नोंदवला गेला. कंपनीने चौकशी पुन्हा उघडली आणि पुढे कोर्टानेही तो जबाब मानून खलाशाला मृत ठरवलं. मी परतल्यावर थोरल्या भावाला ठाण्यात बोलावून जबाबाची प्रत वाचायला दिली. त्याचा डोळा धाकट्याच्या वाट्याच्या जमिनीवर आहे, असं गावात सगळेच म्हणत. थोडाफार असेलही. पण रेनकोटची ओळ तो पुन्हा पुन्हा वाचत होता. अर्ज मागे घेतो, असं लिहून देताना तो एवढंच म्हणाला, "जिवंत असता तर मी त्याला फार शिव्या देणार होतो."

तपास अधिकारी म्हणून मला हवं होतं ते सगळं मिळालं. साक्षीदार, कारण, रेनकोट. पण घरच्यांना यापेक्षा वेगळंच काही हवं असतं, हे मी निवृत्तीच्या तोंडावर शिकलो. आपला माणूस शेवटी कसा होता, उपाशी तर नव्हता ना, कोणी जवळ होतं का, एवढंच. जबाबाच्या छापील नमुन्यात यासाठी रकाना नसतो. आयुष्यभर मी लोकांना प्रश्नच विचारले, आणि ज्याच्यामुळे आपला नवरा गेला त्याच्या तापाची चौकशी करणं मला कधीही सुचलं नसतं.