एका दाराची बोट

मास्तरमामा कुठलीही वस्तू पाणी भरून बघितल्याशिवाय घेत नसे. माठ, घागर, बादली यांचं समजू शकतं. पण तो जेवणाचा डबा पाणी भरून बघायचा, पावसाळी बूट पाणी भरून बघायचा. एकदा तर सोलापूरच्या सात रस्ता चौकातल्या दुकानात त्यानं नवी छत्री उलटी धरली आणि तीत तांब्याभर पाणी ओतायला लावलं. दुकानदार वैतागला. मामा खाली वाकून छत्रीचं बूड निरखत शांतपणे म्हणाला, "ज्यातनं पाणी भाईर येत न्हाय, त्यात पाणी आत जात न्हाय. लई सोपं हाय."

तो शाळेतला मास्तर नव्हता. एसटीत कंडक्टर होता, आणि आमच्याकडं कंडक्टरला मास्तरच म्हणतात. वैराग भागातल्या गाड्यांवर त्याची सगळी नोकरी गेली. गाडीतली डोकी मोजल्याशिवाय बेल द्यायची नाही, ही सवय त्यानं घरीही आणली होती. पंगत बसली तरी तो आधी दारात उभा राहून सगळ्यांकडं बघून घ्यायचा, मगच वाढायला सांगायचा. कुणी राहिलं असेल तर भात गार झाला तरी चालेल.

आणखी एक. त्याच्या घरातून निघताना "जाते" म्हणायची सोय नव्हती. लहानपणी सुट्टी संपवून गावी निघताना मी एकदा तसं बोलून गेले, तर त्यानं मला रिक्षातून उतरवलं, परत घरात नेऊन पाटावर बसवलं आणि म्हणाला, "आता नीट उठ, आन येते म्हण." आई बाहेर ओरडत होती, गाडी चुकत होती. मी नीट उठले, "येते" म्हणाले, तेव्हा सुटका झाली.

आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. ही गोष्ट मी कुठंही सांगते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण ती पदवी मामाच्या जुळे सोलापुरातल्या घरात राहून घेतली, हेही तेवढ्याच मोठ्यानं सांगते. चालत्या गाडीत तिकिटं फाडताना तो अनोळखी माणसांना म्हणायचा, माझी भाची कॉलेजला हाय. लोक पुढं काय विचारतील याची वाट बघायचा. बहुतेक वेळा कुणी काही विचारायचं नाही. तो पुढच्या बाकाकडं सरकायचा.

त्याच घराच्या बैठकीत पुढं भिंत उभी राहिली. मामाची दोन मुलं भांडली. कशावरून, तर फाटकासमोर मोटरसायकल कुणी लावायची यावरून. तेवढ्याशावरून अबोला झाला, अबोल्यातून वाटणी झाली आणि रस्त्याच्या बाजूला दुसरं दार काढलं गेलं. भांडी वाटली, पंखे वाटले. शेवटी आईबाप उरले. मामा थोरल्याकडं गेला, मामी धाकट्याकडं. एवढी वर्षं एकत्र संसार केलेली ती दोघं संध्याकाळी बाहेरच्या ओट्यावर भेटायची, परगावचे पाहुणे भेटावेत तशी. मामी पदराखाली भाकरी घेऊन यायची. मामा ती रस्त्याकडं तोंड करून खायचा.

मग निवृत्त कर्मचाऱ्यांची एक सहल कोकणात गेली. तिथं मामानं मासेमारीची केबिनवाली बोट पहिल्यांदा आतून बघितली. आत बाकं, स्टोव्ह, वर छप्पर. परत आल्यावर त्यानं मला बोलावून घेतलं. जुनी बोट घ्यायची, उजनी धरणाच्या पाण्यावर सोडायची आणि रविवारी सगळ्यांनी मिळून जायचं, असं त्याचं ठरलं होतं. मी हसले. तो हसला नाही.

"बोट पाण्यावर गेली की मधीच कुणाला उठून जाता येत न्हाय," तो म्हणाला. "तासभर जरी समोरासमोर बसली, तरी बोलतील की गं. रक्ताची हायती."

मी त्याच्याबरोबर कोकणात गेले.

जुनी बोट घेताना काय बघावं, ते मी मोबाइलवर वाचून ठेवलं होतं. इंजिन, तळ, पंखा, गंज. मामानं यातलं काही ऐकलं नाही. पहिली बोट चांगली होती, तिचं इंजिन एका दमात सुरू झालं. पण बाकं एकामागं एक होती, एसटीसारखी. मामा म्हणाला, जन्मभर माणसांची टाळकीच बघितली, आता तोंडं बघायची हायत. दुसरीत बाकं समोरासमोर होती, मला ती पसंत पडली. मामा आत गेला, एका बाजूनं शिरला आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर आला. तिथंच नाही म्हणाला.

"दोन दारं हायती. दोन दारं असली की दोघं दोन दारांनी जात्यात. घरात बघितलं न्हाईस का?"

तिसरी बोट डागडुजीसाठी वाळूवर ओढून ठेवलेली होती. रंग उडालेला, काच तडकलेली. पण बाकं समोरासमोर आणि दार एकच. मामा आत बसला आणि हातानं जागा दाखवू लागला. हितं थोरला, त्याच्यासमोर धाकटा, पोरं मधी, मामी दाराजवळ, तिला वारा लागतो. मग मालकाला म्हणाला, पाणी आणा. मालकाला वाटलं, प्यायला हवंय. मामानं बोटीच्या तळात बादल्यांनी पाणी ओतायला सुरुवात केली, तेव्हा तो माणूस पोट धरून हसला. "अहो काका, बोट पाण्यात सोडून बघतात. तुम्ही पाणीच बोटीत सोडताय." मामानं त्याला छत्रीच्या वेळचं वाक्य ऐकवलं आणि बोटीखाली वाळूवर आडवा होऊन बघत राहिला. थेंबही गळला नाही.

बोट ट्रकवरून जुळे सोलापुरात आली आणि शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर लाकडाच्या ठोकळ्यांवर बसली. कॉलनीला महिनाभर विषय पुरला. मास्तर, इथं नळाला पाणी येईना आणि तुम्ही जहाज आणलं, असं लोक म्हणायचे. मामा रंग काढत बसायचा. केबिनमध्ये त्यानं दोरी ओवून घंटी बसवली होती. उजनीला कधी न्यायची, असं मी विचारलं तर म्हणाला, "आदी माणसं भरून बघतो. मग पाण्यावर."

मग एका रविवारी त्यानं सगळ्यांना प्लॉटवरच बोटीत बोलावलं. मीही होते. मामीनं शेंगाचटणी आणि कडक भाकरी बांधून आणल्या. दोन्हीकडची पोरं आधीच चढून घंटीशी खेळत होती. थोरला आला, बायकोसह बसला. धाकट्याची बायको पोरांजवळ बसली. शेवटी धाकटा आला. त्यानं एक पाय पायरीवर ठेवला. समोरची एकच जागा रिकामी होती, थोरल्याच्या तोंडासमोरची. मामानं डोकी मोजली. त्याचा हात दोरीवर होता. इतका सरळ उभा राहिलेला मी त्याला नोकरीतसुद्धा बघितला नव्हता.

धाकट्यानं आत बघितलं आणि म्हणाला, "आई, तुझी गोळी राहिलीय. चल."

मामी एकदा मामाकडं बघून उठली. धाकट्यानं तिला हात धरून उतरवलं. मागोमाग त्याची बायको आपल्या पोरांना घेऊन उतरली. मग थोरला, मला बी कामं हायती, असं पुटपुटत बायकापोरांना घेऊन त्याच दारातून गेला. चटणीभाकरीचं फडकं सोडलंही नव्हतं.

मामानं दोरी सोडली. "एका दारातनं बी जाता येतं की," तो म्हणाला. मला उद्देशून नाही, स्वतःशीच.

त्यानंतर त्यानं बोटीचं नाव काढलं नाही. ओट्यावर येणंही कमी झालं. हिवाळ्यात अंथरूण धरल्यावर मी त्याच्यासाठी नवा थर्मास घेऊन गेले. त्यानं तो न बघता उशाशी ठेवला. गळतो का ते बघ की मामा, मी म्हणाले.

"गळंना का," तो म्हणाला.

तेव्हाच मी काय ते ओळखलं.

तो गेला तेव्हा मामीला दुसऱ्या दारातून बोलावून आणावं लागलं. अस्थी दोन कलशांत भरल्या. दोघं भाऊ दोन गाड्यांतून दोन घाटांवर गेले. सगळ्यांनी एका बोटीत बसावं एवढंच ज्याला हवं होतं, तो माणूस असा वाटून दिला गेला, आणि मधे पडून कुणी काही बोललं नाही. मीही नाही.

आता प्लॉटच्या मालकाला घर बांधायचंय. बोट भंगारात जाणार असं कळलं, म्हणून परवा जाऊन आले. मामी केबिनमध्ये दाराजवळच्या तिच्या जागेवर बसली होती. मी समोर बसले. तळात कधीच्या तरी पावसाचं पाणी साठलेलं होतं. गळलं नव्हतं. पोरांनी घंटीची दोरी कधीच तोडून नेली होती.

ऊन उतरलं तशी मी उठले.

"जाते मामी," मी म्हणाले.

तिनं मान हलवली. मला परत कुणी बसवलं नाही.