टाच आणि फरशी

मी साड्यांच्या दुकानात काम करते. औरंगपुऱ्यात मोठ्या रस्त्यावरून आत वळलं की दोन मजली दुकान आहे. तिथलं खालच्या मजल्यावरचं काठपदराच्या साड्यांचं काउंटर माझं. या कामात बसणं नसतं. काउंटरच्या पुढं गिऱ्हाइकासाठी गुबगुबीत खुर्च्या, आणि मागं आम्ही उभ्या. दुकानात लक्ष्मी असते म्हणून चपला दाराबाहेर काढायच्या, हा आमच्या शेठच्या वडिलांपासूनचा नियम. खालची फरशी ग्रॅनाइटची, आरशासारखी. एसीमुळं भर मे महिन्यातही गार लागते. नवीन कामाला लागले तेव्हा मला त्या फरशीचं फार कौतुक होतं. उन्हातनं आलं की तळपाय निवायचे.

टाच दुखायला लागली ती एका दिवाळीनंतर. दिवाळीची गर्दी ओसरली होती, अंग आंबलेलं होतं, आणि एका सकाळी पलंगावरून उतरून उजवा पाय खाली ठेवला तर खिळ्यावर पडल्यासारखं झालं. मी आधी पाय वर घेऊन बघितला. मग वाकून फरशीवर बघितलं, काच वगैरे पडली का म्हणून. काहीच नव्हतं. भिंतीला धरत धरत न्हाणीपर्यंत गेले. चहा होईपर्यंत दुखणं इतकं कमी झालं की मी विसरूनही गेले. दुपारी डबा खाऊन उठले की परत तेच. चार पावलं लंगडायचं, मग सुरळीत. असं येऊनजाऊन असलेलं दुखणं माणूस कुणाला सांगत नाही.

आमचे मालक, म्हणजे नवरा, चिकलठाण्याला एका कंपनीत आहेत. सकाळी आमच्या घरात बुद्धमूर्तीसमोर वंदना होते, त्यांच्या शिफ्टप्रमाणं कधी लवकर, कधी उशिरा. हात जोडून उभी असताना मी सगळा भार डाव्या पायावर देते, हे त्यांनी पाहिलं.

"पायाला काय झालं?"

"काय नाय. चमक भरली असंल."

"किती दिवस झालं भरलीय चमक?"

ते सासूबाईंनी ऐकलं आणि संध्याकाळी त्यांनी वीट तापवायला घेतली. तापल्या विटेवर रुईचं पान ठेवायचं, त्यावर टाच टेकवायची. "आमच्या गावाकडं याच्यानंच बरं व्हतं," त्या म्हणाल्या. शेक लागला तेव्हा बरं वाटलं, इतकं बरं वाटलं की मी पाय तसाच दाबून धरला. पान करपलं ते कळलं नाही. सकाळी टाचेला हा एवढा फोड. वरून भाजलेलं, आतून ठणकतंय, आणि पट्टी बांधून मी त्याच फरशीवर उभी.

शेजारच्या ड्रेस मटेरिअलच्या काउंटरवर आपा. ती जुन्या शहरातली, वयानं माझ्याएवढीच, पण सगळं दुकान तिला आपा, म्हणजे मोठी ताईच म्हणायचं. तिनं पट्टी बघितली.

"ये क्या कर लिये?"

"वीट ठेवली गरम. टाच लई दुखती."

आपा इकडंतिकडं बघून हळूच म्हणाली, "मेरी भी. दोनों." मग म्हणाली, "किसीकू बोलना नक्को."

दोघी एकमेकींपासून हाताच्या अंतरावर उभ्या राहत होतो आणि दोघी एकमेकींपासून लपवत होतो. त्यालाही कारण होतं. आमच्याआधी तिथं एक वयस्कर बाई होत्या. लगीनसराईत त्यांनी काउंटरमागं स्टूल मागितलं होतं. शेठ गोड आवाजात म्हणाले, "बाई, तुम्ही थोडे दिवस घरी आराम करा." त्या आरामाला गेल्या आणि त्यांना परत बोलावणं आलंच नाही.

फोड भरून आल्यावर मालकांनीच मला क्रांती चौकाजवळ एका हाडांच्या डॉक्टरकडं नेलं. एक्स-रे काढला. डॉक्टरांनी तो उजेडाला धरला आणि टाचेखाली बोट ठेवलं. तिथं चोचीसारखं काहीतरी दिसत होतं. "टाचेचं हाड वाढलंय थोडं." मला तेवढंच ऐकू आलं. पुढं ते काय काय बोलले, डोक्यात शिरलं नाही. त्या दिवसापासून पाय टेकताना मला ती चोच मांसात रुतताना दिसायची. गोळ्या झाल्या, त्या असेपर्यंत बरं. मग टाचेत इंजेक्शन झालं. ते देताना मी मालकांचा हात असा आवळला की त्यांच्या मनगटावर वळ उठले.

पण त्या इंजेक्शननं जादू केली. काही आठवड्यांत माझी टाच अशी झाली की जणू कधी दुखलीच नव्हती. नेमकी तेव्हाच भाचीची हळद आली. किती वर्षांनी मी नाचले. सपाट चपलेवर डांबरी रस्त्यावर नाचले, चप्पल तुटली तर अनवाणी नाचले. बहीण म्हणत होती, "अगं बाई, बस कर आता," आणि मला थांबवत नव्हतं.

त्या लग्नानंतर दुखणं परत आलं, ते आधीपेक्षा जास्त. आता चार पावलांनंतरही सुटेना. मालक म्हणाले, दुसरं इंजेक्शन घेऊ. डॉक्टरच नको म्हणाले. सारखं सारखं दिलं तर तळपायातला पट्टा कमजोर होतो, कधी फाटतोही. त्यांनी मला फिजिओथेरपीला पाठवलं. मी गेले, पण मनातून कंटाळले होते. आपलं दुखणं नव्या माणसाला परत पहिल्यापासून सांगायचं, याचाच शीण येतो.

ती मुलगी असेल तिशीची. तिनं मला पालथं झोपवलं, पोटरी दाबली, पायाचा अंगठा मागं वाकवून टाचेच्या आतल्या कडेला बोट रुतवलं. मी ओरडले. "हेच ना?" हेच होतं. मग तिनं विचारायला सुरुवात केली. सकाळी जास्त दुखतं की रात्री? पाय जळजळतात का, मुंग्या येतात का? कंबर दुखते का? बोटं, मनगटं सुजतात का? शुगर बघितली का? युरिक ॲसिड? ते सगळं डॉक्टरांनी तपासलेलं होतं, ठीक होतं. मी माझ्या चोचीबद्दल विचारलं.

"ती असू द्या," ती म्हणाली. "कितीतरी लोकांना असते आणि त्यांची टाच कधी दुखत नाही. तुमचं दुखणं तळपायातल्या पट्ट्याचं आहे. टाचेपासून बोटांपर्यंत जातो तो. रात्रभर आखडून बसतो, सकाळी तुम्ही उठून एकदम सगळा भार देता. पोटऱ्या पण कडक झाल्यात तुमच्या. कामावर पायात काय घालता?"

"काहीच नाय."

"म्हणजे?"

"दुकानात चप्पल चालत नाय. दिवसभर फरशीवर."

तिनं हातातलं काम थांबवलं. "ताई, मी व्यायाम सांगीन, तुम्ही तो कराल. वजन थोडं उतरवाल. पण दिवसभर अनवाणी त्या फरशीवर राहिलात, तर आपण दोघी भांड्यात पाणी भरतोय आणि भांड्याला भोक आहे."

किती दिवस लागतील विचारलं, तर म्हणाली, महिने लागतात, कुणाकुणाला वर्षही लागतं. मी रिक्षात बसले आणि घर येईपर्यंत डोळे मिटून राहिले. रडू आलं नाही. नुसतं थकल्यासारखं झालं.

तरी सांगितलेलं करत राहिले. पलंगावरून उतरायच्या आधी टॉवेल चवड्यात अडकवून पाय आपल्याकडं ओढायचा. भिंतीला हात लावून पोटरी ताणायची. बाटलीत पाण्याचा बर्फ करून तळपायाखाली फिरवायची. सासूबाईंना ते बघवायचं नाही. "पाय ठिवायची बाटली आन प्यायची बाटली एकाच फ्रीजमधी?" मग त्या बाटलीला मी लाल दोरा बांधला. घरात जाड तळव्याची चप्पल घातली, तर स्वयंपाकघरात चप्पल म्हणून त्यांनी दोन दिवस तोंड फिरवलं. शेवटी त्यांनीच मालकांना सांगितलं, "घालू दे तिला. रात्री कण्हती ती."

घरचं जमलं, दुकानचं जमेना. विचारायची हिंमतच होत नव्हती.

लगीनसराईच्या गर्दीत एका दुपारी नवरीच्या आईनं वरच्या कप्प्यातली अंजिरी साडी मागितली. मी छोट्या शिडीवर चढले, साड्यांचा गठ्ठा छातीशी घेतला आणि उतरताना सगळा भार उजव्या टाचेवर आला. पाय आपोआप उचलला गेला. मी गठ्ठ्यासकट खाली. लागलं काही नाही, साड्यांवरच पडले. पण उठता येईना. नवरीची आई काउंटरला वळसा घालून आत आली, तिनं मला खांद्याला धरून तिच्याच खुर्चीत बसवलं. समोर शेठ उभे. मी त्या खुर्चीत बसलेली, गिऱ्हाइकाच्या. मला दुखण्यापेक्षा त्याचीच लाज वाटली.

गर्दी कमी झाल्यावर शेठनी गल्ल्यापाशी बोलावलं. मी निघाले, तर आपाही काउंटर सोडून मागं आली. मी तिला बोलावलं नव्हतं.

"कधीपासून आहे हे?" शेठनी विचारलं.

"झालं बरंच."

"मग सांगायचं नाही का?"

आपा म्हणाली, "शेठ, एक बाईनं सांगितलं होतं पहले. उन्होंने स्टूल मांगे थे."

शेठनी टेबलावरची मोजपट्टी उचलली, परत ठेवली. "मी बघतो," एवढंच म्हणाले.

बघितलं ते असं की दुसऱ्या दिवसापासून मला वरच्या मजल्यावर फॉल-पिकोच्या खोलीत बसवलं. खुर्ची होती, मशीन होतं, समोर भिंत. लोकांना वाटलं, बरं झालं. पण मला करमेना. साडीचा पदर खांद्यावर टाकून दाखवला की बाईच्या चेहऱ्यावर जे उमटतं, ते बघायची मला सवय. वर कुणी यायचंच नाही. आणि बसून उठलं की पहिलं पाऊल पुन्हा खिळ्यावर. जिने वेगळेच. मला वाटायला लागलं की इथनं आता हळूहळू घरीच.

मग मी एक केलं. मऊ, जाड तळव्याच्या नव्या चपलांचे दोन जोड आणले, एक माझा, एक आपाचा. खोक्यातून न काढता शेठच्या समोर ठेवले.

"शेठ, ह्या रस्त्यावर कधीच जाणार नाहीत. दुकानातच राहतील. फरशी पुसतात तशा ह्या पण रोज पुसून ठेवीन."

त्यांनी एक चप्पल हातात घेतली, तळवा दाबून बघितला. मग म्हणाले, "देवाच्या फोटोसमोरनं जायचं नाही. गिऱ्हाइकाला दिसता कामा नयेत."

"नाय दिसणार."

"आणि स्टूल नाही मिळणार हं."

मी हो म्हणाले. त्या सोमवारी मी खाली माझ्या काउंटरला परत आले. जिंकल्यासारखं वगैरे वाटलं नाही. पायात काहीतरी होतं, तेवढं पुरे होतं.

उन्हाळा गेला, पावसाळाही निम्मा गेला, तेव्हा एका सकाळी न्हाणीतून बाहेर आल्यावर लक्षात आलं की आज भिंत धरली नाही. आपाला मात्र काहीच फरक पडत नव्हता. तीही टॉवेल ओढायची, बर्फ फिरवायची, मी शिकवलं तसं सगळं. एकदा डबा उघडताना मी पाहिलं, तिला झाकण फिरवता येईना.

"बोटं पण?" मी विचारलं.

"सुबू में मुठ्ठी नहीं बनती. ग्यारा बजते बजते खुलती."

मी तिला त्या फिजिओच्या मुलीकडं घेऊन गेले. तिनं आपाच्या टाचा जेमतेम बघितल्या, हातच जास्त वेळ धरून बसली. "आपा, तुमचं वेगळं आहे. यांच्यासारखं नाही हे." रक्त तपासायला सांगितलं, दुसऱ्या डॉक्टरकडं चिठ्ठी दिली. संधिवात निघाला. इतके दिवस टाचेच्या नावाखाली आतल्या आत सगळे सांधे पोखरत होता. औषधं सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर केला नाहीत ते बरं केलं. पण उभं राहायचं काम आता नको. आपानं दिवाळीच्या आधी दुकान सोडलं. जाताना रडली नाही, मलाच म्हणाली, "तू कायकू रोती?"

माझी टाच आता बहुतेक दिवस शहाणी असते. लगीनसराईत डोकं वर काढते, व्यायाम चुकवला की काढते, हिवाळ्यातही काढते. मी आता घाबरत नाही, पण कंटाळते. रोज उठायच्या आधी तोच टॉवेल, तीच भिंत. कधी वाटतं, एक दिवस तरी नुसतं उठावं आणि चालू लागावं.

सुट्टीच्या दिवशी जमेल तशी आपाकडं जाते. तिचं घर पहिल्या मजल्यावर आहे. मागच्या वेळी गेले तर तिनं मला दिवाणावर बसवलं आणि स्वतः चहाला उठली. मी उठायला गेले, तर हातानंच बस म्हणाली. "आज हाथ अच्छे है. मैं बनाती." आतून भांडी सावकाश वाजत होती, मध्येच थांबत होती. मी पाय वर घेतले, उशीला टेकले आणि चहाची वाट बघत बसले.